किती वेळात?

रात्रपाळीला शटर खाली असतं.
एक खिडकी तेवढी उघडी, वहीच्या पानाएवढी.
पुंता अरेनासचा वारा आधी आत शिरतो,
मग गिऱ्हाइकाचा हात.
चेहरा दिसतोच असं नाही.
मी हातांवरून ओळखते :
चिरा पडलेला, खेकड्याचा वास न सुटणारा, कारखान्यातला.
लोकरीच्या तेलानं मऊ झालेला, मेंढ्या कातरणाऱ्याचा.

ठणका, सणक, उसण, कळ,
हात काहीही घेऊन येवो, प्रश्न एकच :
"किती वेळात?"

सांगते मी.
पाण्यात फसफसणारी, वीस मिनिटं.
आयबुप्रोफेन, अर्धा तास धर,
पण पोटात भाकरतुकडा असू दे, नुसत्या मातेवर नको.
पॅरासिटामॉलला कधी अर्धा, कधी पुरता तास.
नाप्रोक्सेन उशिरा येतं,
आलं की मुक्कामी पाहुण्यासारखं
बारा-बारा तास हलत नाही.

"आणि मग?"
असं वीस वर्षांत कुणी विचारलेलं नाही.

नोल्बेर्तोनंही नाही.
कातरणीचा हंगाम, चाळीस दिवस,
उजाडायच्या आत रिकाम्या पोटी दोन गोळ्या.
कंबर बिचारी गप्प राहिली.
एका सकाळी शेडमागे बसला तर डांबरासारखं काळं.
त्याला वाटलं, कलाफातेची बोरं जास्त झाली.
आठवडाभर तो बोरांनाच शिव्या देत होता.
हे त्याच्या बायकोनं मला सांगितलं,
दिवसा, काळ्या शालीत,
उरलेल्या गोळ्या परत घेता का म्हणून विचारायला आली तेव्हा.

मी घेतल्या. नियमात बसत नाही. पैसे दिले.

ऑक्टोबरात नगरपालिका कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधते,
माणसं वाऱ्यानं उडू नयेत म्हणून.
अशाच एका रात्री एदेल्मिराचा हात आला.
दाढ दुखत होती, पण आता नाही.
"आता छान आहे. म्हणूनच,
संपायच्या आत आणखी एक पाकीट."

का कोण जाणे, मी विचारलं, आजवर काय काय घेतलंस?
खिडकीत तीन खोकी आली.
एक पांढरं, आमच्याच दुकानातलं.
एक सर्दीचं, लिंबाच्या चवीचं.
एक मावसभावानं रिओ गायेगोसहून आणलेलं.
वर तीन नावं, तीन रंग.
मागे, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत,
एकच.

पावतीच्या पाठीवर मी बेरीज मांडली.
कालपासून अठ्ठावीस.
"पण मला काहीच होत नाहीये," ती म्हणाली.

तेच तर.
यकृत दाढेसारखं बोंबलत नाही, पोरी.
ते दिवसभर, कधी दोन दिवस
शहाण्या पाहुण्यासारखं गप्प बसतं
आणि सामान बांधत असतं.
उतारा आहे, पण त्यालाही घड्याळ आहे,
आणि ते तुझ्या शिफ्टच्या घड्याळाला विचारत नाही.

ती चिडली. पगार कापतील म्हणाली.
मी शटर वर केलं,
रात्रीचं, पहिल्यांदाच,
आणि दोर धरून तिला टॅक्सीपर्यंत नेलं.
दिव्याखाली चेहरा दिसला.
वीस वर्षांचीही नसेल.
मी दुकानात रुजू झाले तेव्हा जन्मली नव्हती.

अकरा दिवसांनी खिडकीत तोच हात,
सुईच्या जागी पिवळट डाग,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले खेकड्याचे चार पाय, माझ्यासाठी.
दाढ काढली म्हणाली.
नोकरी? तीही गेली होती. दुसरी धरली,
तिथं खेकडे जास्त सोलावे लागतात.
"मनगट ठणकतंय हो. काहीतरी द्या.
किती वेळात?"

मागे रांग होती, वाऱ्यात वाकलेली.
कुणीतरी ओरडलं, आटपा.
मी खोकं खिडकीच्या अलीकडेच ठेवलं,
स्टूल ओढून बसले.

सांग, सकाळपासून काय काय घेतलंयस.